गोष्ट कुणाची आणि फाईल कुणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक तरुण लेखक येऊन गेला. बोलायला नम्र, चळवळीतली चार पुस्तकं वाचलेला. खऱ्या गुन्ह्यांच्या हकिकतींचं पुस्तक त्याला लिहायचं आहे, जमलं तर पुढे त्यावर मालिका. आरोपपत्रं त्याला मिळाली होती, निकालपत्रं मिळाली होती. "पण ताई, बाईची बाजू कागदावर कुठेच सापडत नाही," म्हणाला. ती आमच्या कपाटात आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. पंचवीसेक वर्षांच्या नोंदी आहेत तिथे. त्यात जळून मेलेल्या बायका आहेत, वेळेवर घर सोडून वाचलेल्या आहेत, आणि दोघी अशाही आहेत ज्यांनी नवऱ्याला मारलं. जाताना तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवून गेला. "हे वाचा. बाईनं लिहिलेलं आहे, बायकांबद्दल आहे. मला असंच करायचंय."

पुस्तक होतं ॲन रूल या अमेरिकन लेखिकेचं, 'एव्हरी ब्रेथ यू टेक', २००१ सालचं.

त्यावर आमच्या बैठकीत चांगलीच जुंपली. नव्या मुलींचं म्हणणं, देऊया की नोंदी. कपाटात कुजण्यापेक्षा बायकांना आवाज तरी मिळेल. जुन्यांचं म्हणणं, हा सगळा मसाला आहे, रक्त विकून पैसे करण्याचा धंदा आहे, दारातूनच परत पाठवा. मी दोन महिने घालवून या बाईची मिळतील तेवढी पुस्तकं वाचली. आता मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

आधी जुन्यांशी. मैत्रिणींनो, ते पुस्तक कशामुळे लिहिलं गेलं ते तरी ऐका. टेक्सासमधली एक बाई श्रीमंत नवऱ्यापासून घटस्फोट घेऊन बाहेर पडली. तो आपल्याला जगू देणार नाही ही तिची खात्री होती. तिने आपल्या बहिणीला सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर ॲन रूलला शोधून काढ आणि माझी गोष्ट लिहायला सांग. पुढे तिने दुसरं लग्न केलं, फ्लोरिडात राहायला गेली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या घरात, चार तान्ह्या लेकरांच्या देखत, तिचा खून झाला. आधीच्या नवऱ्याने पैसे देऊन तो करवला हे कोर्टात सिद्ध झालं, त्याला जन्मठेप झाली. बहिणीने शब्द पाळला. लेखिकेनेही.

यात मला हलवून गेली ती एकच गोष्ट. मरणाची चाहूल लागलेल्या बाईला पोलीस आठवला नाही, वकील आठवला नाही, पाद्री आठवला नाही. पुस्तक लिहिणारी एक बाई आठवली. ती पुस्तकं दुकानात रक्ताळलेल्या अक्षरांची वेष्टनं घालून विकली जात होती हे तिलाही दिसतच असणार. तरी तिचा भरवसा तिथेच होता.

आपल्याकडे ही गोष्ट अनोळखी वाटायचं कारण नाही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा गेली तेव्हा मागे काय उरलं होतं? तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. लग्नाला धड चार महिने झालेले. ती पत्रं तीन कोर्टांत वाचली गेली. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला निर्दोष सोडलं. तो निकाल बरोबर की चूक हा वाद आज उकरायचा नाही. पण आजही कायद्याच्या वर्गात ते प्रकरण शिकवतात ते परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी, 'पंचशील' म्हणतात त्यांना. ओळखतात ते आरोपीच्या नावाने. पत्रं लिहिणारी मुलगी कोण होती, तिला काय आवडायचं, ती हसायची कशाला, हे कुणी लिहून ठेवलं? आपण मोर्चे काढले, पत्रकं काढली. तिचं चरित्र आपणही लिहिलं नाही. मग 'मसाला' म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

शिवाय ही ॲन रूल कोण, तेही जरा बघा. जन्म १९३१ चा, मृत्यू २०१५ चा. काही काळ सिॲटलच्या पोलीस खात्यात नोकरीला होती. नजर अधू म्हणून नोकरी गेली. चार मुलं, नवऱ्याशी फारकत, घर चालवायचं म्हणून १९६९ पासून 'ट्रू डिटेक्टिव्ह' नावाच्या मासिकात खुनाच्या हकिकती लिहायला लागली. पण स्वतःच्या नावाने नाही! गुन्ह्यातलं बाईला काय कळतं, वाचक विश्वास ठेवणार नाहीत, असं संपादकांचं मत. म्हणून 'अँडी स्टॅक' हे पुरुषी नाव. बायकांच्या खुनाच्या गोष्टी बाईने लिहायच्या आणि खाली सही पुरुषाची! (आपल्याकडेही गुन्हेवार्ता हे पान बाईच्या हाती लागायला किती काळ गेला ते वर्तमानपत्रांत काम केलेल्या मैत्रिणींना विचारा.)

आणि मग तिच्या आयुष्यात तो टेड बंडी. भावाने आत्महत्या केलेली, म्हणून १९७१ साली ती सिॲटलमध्ये संकटातल्या माणसांचे फोन घेणाऱ्या केंद्रात विनामोबदला काम करायची. शेजारच्या खुर्चीवर एक हुशार, मृदू बोलणारा विद्यार्थी असायचा. रात्री पाळी संपली की तिला गाडीपर्यंत पोचवायचा आणि जपून जा म्हणायचा. १९७४ साली त्या भागातून एकामागून एक तरुण मुली नाहीशा व्हायला लागल्या. १४ जुलैला समामिश तलावावरून भर दिवसा दोघी गेल्या. साक्षीदारांनी सांगितलं, हात गळ्यात बांधलेला एक तरुण होता, नाव 'टेड' सांगत होता. रूलने मन घट्ट करून ओळखीच्या पोलिसाला त्याचं नाव कळवलं. हजारो नावांच्या ढिगात ते पडून राहिलं. त्या खुनांवर पुस्तक लिहिण्याचा करार तिने केला तेव्हा, आपण आपल्याच सहकाऱ्याबद्दल लिहिणार आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं. १९८० साली 'द स्ट्रेंजर बिसाइड मी' आलं आणि ती जगप्रसिद्ध झाली.

त्या पुस्तकाची एक बाजू फार मोलाची आहे. बाईला लहानपणापासून शिकवतात की अनोळखी माणसापासून जप. हे पुस्तक सांगतं की तो शेजारच्या खुर्चीवर होता, चहा पीत होता, आणि माणसं ओळखण्याचा जिचा धंदा होता तिलाही ओळखू आला नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या किती बायकांना आपण विचारतो, "तुला आधी कळलं नाही का गं?" हा प्रश्न विचारणं मी त्या पुस्तकानंतर सोडलं आहे.

पण आता नव्या मुलींशी भांडते.

ते पुस्तक बाईने लिहिलं, तरी त्यात मधोमध कोण बसलं आहे? तोच. त्याचं बालपण, त्याची पत्रं, त्याचे मूड, त्याचा प्रेमभंग. मेलेल्या मुली एकेका प्रकरणात येतात आणि जातात. १९७९ साली मायामीत दोन विद्यार्थिनींच्या खुनाबद्दल त्याला मृत्युदंड सुनावताना न्यायाधीश त्याला काय म्हणाले होते, माहीत आहे? तू चांगला वकील झाला असतास, माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नाही, स्वतःला जप. दोन मुलींची प्रेतं कागदावर आणि न्यायाधीशाला वाईट वाटतंय ते आरोपीच्या वाया गेलेल्या हुशारीचं! हा कळवळा कुठून येतो? गोष्ट सतत त्याच्याच तोंडावर दिवा धरून सांगितली की येतो. १९८९ च्या जानेवारीत त्याला फाशीऐवजी विजेच्या खुर्चीवर मारलं. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, देखणा नट घेऊन त्याच्यावर चित्रपट निघाला. तीस खून त्याने कबूल केले होते. त्यातल्या एकीचं तरी नाव तुमच्यापैकी कुणाला येतं? मीही इथे लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसं अजून आहेत म्हणून. पण मला ती शोधावी लागली, आणि त्याचं नाव मला आधीपासून येत होतं, हे कबूल करते.

हे रूलला स्वतःला उमगलं असावं असं मला वाटतं, कारण चोवीस वर्षांनी आलेलं तिचं 'ग्रीन रिव्हर, रनिंग रेड' वेगळंच आहे. या पुस्तकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याला घेण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे.

१९८२ च्या जुलैपासून सिॲटलच्या दक्षिणेला ग्रीन नदीत मुलींची प्रेतं सापडायला लागली. बहुतेक कोवळ्या, काही पंधरा-सोळाच्या. घरातून पळालेल्या, विमानतळाजवळच्या हमरस्त्यावर धंदा करून पोट भरणाऱ्या. वर्तमानपत्रांना त्यांच्यासाठी एकच शब्द पुरत होता, आणि तो शब्द लिहिला की वाचकाची हळहळ आपोआप अर्धी होत होती. १९८४ साली तिथल्या बायका संघटित होऊन रस्त्यावर आल्या; यांच्या खुनांचा तपास इतका संथ का, असं विचारत. मारणारा गॅरी रिजवे ट्रक रंगवायच्या कारखान्यात नोकरीला होता, लग्नाचा, घरदार असलेला. १९८७ साली पोलिसांनी त्याच्या थुंकीचा नमुना घेऊन ठेवला होता. त्यावरून तो पकडला गेला २००१ च्या नोव्हेंबरमध्ये. २००३ साली त्याने ४८ खून कबूल केले, २०११ साली आणखी एक. या बायका निवडण्याचं कारणही त्याने कोर्टात सांगितलं: त्या नाहीशा झाल्या तर कुणी लगेच तक्रार करणार नाही, आणि आपण पकडले जाणार नाही.

म्हणजे समाजाने त्यांची जी किंमत ठरवली होती, तीच त्याने वापरली. पुढे इतकी वर्षं तो मोकळा राहिला, म्हणजे त्याचा हिशेब चुकलाही नव्हता.

रूलने या पुस्तकात काय केलं? ती त्या मुलींच्या घरच्यांकडे गेली. एकेकीची शाळा, आई, भावंडं, पहिलं घर सोडणं, कुणाच्या भरवशावर सोडलं ते, शेवटचा फोन, हे सगळं गोळा केलं, आणि एकीमागून एक लिहिलं. वाचताना कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. इतक्या जणी आहेत की नावं एकमेकींत मिसळतात. पण तो कंटाळा मला आता पुस्तकाचा दोष वाटत नाही. इतक्या जणी होत्या ही वस्तुस्थितीच तशी आहे. त्या ढिगात रिजवे अगदी सुमार, कंटाळवाणा माणूस म्हणून उरतो, आणि तो तसाच होता. आपल्याकडचा पंचनामा आठवा: अंगात अमुक रंगाचं लुगडं, हातात काचेच्या बांगड्या, पैकी दोन फुटलेल्या, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. बाईच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूची नोंद, बाईची नाही. रूलने त्या मुलींच्या बाबतीत पंचनामा उलटा लिहिला. आणि आपली वर्तमानपत्रं अजून 'अनैतिक संबंधातून विवाहितेचा खून' या चार शब्दांच्या मथळ्यात बाई संपवतात.

नावाचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे हे मान्य. १९८३ पासून बलात्कारित स्त्रीचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. पण ज्या आंदोलनातून तो कायदा बदलला त्याचं नाव काय होतं? मथुरा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत जिच्यावर अत्याचार झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, त्या आदिवासी मुलीचं नाव आपण देशभर फलकांवर लिहिलं. तिला विचारलं होतं का? तेव्हा हा प्रश्न सुचलाच नाही. आज सुचतो, म्हणून सांगते.

असो. माझं खरं भांडण पुढे आहे.

मेलेल्या बाईबद्दल इतकी मायाळू असलेली ही लेखिका, बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली की कशी लिहिते ते बघा. १९८७ चं 'स्मॉल सॅक्रिफायसेस' घ्या. ऑरेगनमधल्या डायान डाउन्स या आईने १९८३ साली आपल्या तीन लेकरांवर गोळ्या झाडल्या, एक मुलगी गेली. गुन्हा सिद्ध झाला, भयंकर होता, मला तिची वकिली करायची नाही. पण पुस्तकात तिच्या पुरुषांचा जो हिशेब येतो तो वाचताना मला राहून राहून वाटलं, खटला खुनाचा आहे की चालचलणुकीचा?

त्याहून अवघड २००३ चं पुस्तक. ऑरेगनमध्येच २००० साली एका बाईने तंबूच्या सहलीत झोपलेल्या नवऱ्याला गोळी घातली. तिचं म्हणणं, तो वर्षानुवर्षं मारत होता, त्या रात्रीही जिवावर उठला होता. सरकार पक्षाचं म्हणणं, सगळं बनाव. तडजोडीत तिने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, बारा वर्षांची शिक्षा घेतली. रूलने पुस्तकाला नाव दिलं 'हार्ट फुल ऑफ लाइज': खोटेपणाने भरलेलं काळीज. खाली उपशीर्षकात वासना आणि मृत्यू. पान उघडायच्या आत निकाल लागलेला! त्या बाईने पुढे लेखिकेवर बदनामीचा दावा केला आणि ती हरली, हेही सांगायला हवं. ती खरं बोलत होती असं माझं म्हणणं नाही. मला ते कळायला मार्ग नाही. माझा मुद्दा हा की वाचकालाही तो मार्ग ठेवलेला नाही.

असं का होतं? लेखिका दुष्ट म्हणून नव्हे. तिची पद्धतच तशी. ती तपासी अधिकाऱ्यांशी बोलायची, सरकारी वकिलांशी बोलायची, खटला संपेपर्यंत कोर्टात बसायची. फाईल त्यांची, गोष्ट तिची. बाई मेलेली असते तेव्हा फाईल तिच्या बाजूने असते, म्हणून गोष्टही तिच्या बाजूची होते. बाई जिवंत आणि आरोपी असली की तीच फाईल तिच्यावर उलटते. 'बायकांना आवाज मिळेल' म्हणणाऱ्या माझ्या मुलींनो, आवाज मिळाला तो मेलेल्यांना, ज्या परत बोलून काही खोडू शकत नाहीत!

रूल एक आठवण सांगायची. तिचे आजोबा मिशिगनमधल्या एका गावी शेरीफ. सुट्टीत ती तिथे जायची. कैद्यांचं जेवण आजी रांधायची आणि ही लहान मुलगी ताटं आत सरकवायची. एका कैदी बाईने तिला क्रोशाचं विणकाम शिकवलं. तिच्यावर खुनाचा खटला होता. इतकी चांगली बाई, हिच्यावर असा खटला का, हे त्या पोरीला कळेना. त्या 'का'पायीच आपण या लेखनाकडे वळलो असं ती म्हणे. मला वाटतं प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त उत्तर तिने ताट सरकवणाऱ्यांकडे मागितलं, विणकाम शिकवणाऱ्या बाईकडे नाही.

दुसऱ्या बाजूने विचारता येतं का? येतं. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालियाने दहा वर्षांच्या मारहाणीनंतर १९८९ साली झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं; तो मेला, तिला जन्मठेप झाली. तो छळ पहिल्या खटल्यात धडपणे पुढे आलाच नव्हता. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या बायका तुरुंगात तिच्याकडे जात राहिल्या, १९९२ साली अपिलात शिक्षा रद्द झाली, ती सुटली. आणि १९९७ साली पुस्तक आलं ते तिच्या स्वतःच्या नावाने, रहिला गुप्ता यांच्या सोबतीने लिहिलेलं. एक बाई, एक झोपलेला नवरा, एक खून. सरकारी फाईलमधून लिहिलं असतं तर त्याचंही नाव 'खोटेपणाने भरलेलं काळीज' झालं नसतं कशावरून?

म्हणून त्या लेखकाला कपाटाची किल्ली द्यायला माझा विरोध आहे, पण त्याला दारातून हाकलायलाही. त्या नोंदी आमच्या नाहीत. बाईने त्या मदत मागताना, रडत, कधी मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितल्या. पुस्तकासाठी नव्हे. ज्या हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय एक ओळ बाहेर जाणार नाही, गेलेल्यांच्या बाबतीत माहेरच्यांना विचारू, असं शेवटी बैठकीत ठरलं. दोन मतं विरोधात पडली, एक या बाजूने आणि एक त्या.

मग विचारायला लागलो. पहिल्या दोघींनी नको म्हटलं; एकीची मुलगी आता लग्नाची आहे. तिसरी ती, जिने नवऱ्याला मारलं होतं आणि शिक्षा भोगून आता भाजीचा गाळा चालवते. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातली मेथी निवडत राहिली, आणि विचारलं, "छापायच्या आधी मला वाचून दाखवतील का? आणि नाही पटलं तर खोडता येईल?"

हे दोन प्रश्न आम्ही पत्राने त्या लेखकाला कळवले आहेत. त्याला तीन महिने झाले.